अचूक उत्तरांना शून्य

दिनांक ९ जुलै, मंगळवार, चौथा तास. इयत्ता दहावी 'ब', विषय गणित, घटक क्षेत्रफळ. चव्वेचाळीस विद्यार्थ्यांपैकी एकतीस जणांना ऑनलाइन चाचणीत दहापैकी शून्य गुण मिळाले. या एकतीस जणांची बहुतेक उत्तरे बरोबर होती. शाळेच्या कोणत्याही दप्तरात ही नोंद सापडणार नाही. म्हणून ती येथे करून ठेवणे भाग आहे.

हे शून्य ज्यांच्या माथी मारले गेले, त्या गणिताच्या बाई अठ्ठावीस वर्षे शिकवीत होत्या आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे दहावी त्यांच्याकडे होती. फळ्यावर एका दमात वर्तुळ काढीत, ते परकाराने तपासले तरी हरकत नसे. त्यांचा हट्ट एकच, उत्तरापुढे एकक हवे. कुणी नुसते 'बारा' लिहिले की बाई वही वर धरीत आणि शांतपणे विचारीत, "बारा काय? बारा म्हशी?" वर्ग हसे, अर्धा गुण जाई आणि ते पोर जन्मात पुन्हा सेंटिमीटर विसरत नसे.

जूनमध्ये प्रत्येक मुलाच्या हाती शाळेचा टॅब आला आणि शिक्षकांना दोन तासांचे प्रशिक्षण मिळाले. प्रशिक्षक दर वाक्याला "एकदम सोपं आहे, मॅडम" म्हणे आणि बाईंनी वहीत पेन टेकवेपर्यंत पुढच्या पडद्यावर गेलेला असे. पाठोपाठ परिपत्रक निघाले : यापुढे चाचण्या टॅबवरच होतील आणि ज्या वर्गाची सरासरी पाचच्या खाली जाईल, तो वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवला जाईल. बाईंनी ते दोनदा वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लेकीपुढे शिकायला बसल्या.

"आई, बाण तिकडे ने. तिकडे नाही, तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे? दिशा नीट सांगावी माणसानं."

"आई, दोनदा दाबलंस. एकदाच दाबायचं होतं."

"मघाशी दोनदा म्हणालीस."

"ते मघाशी होतं."

लेकीला पाढे शिकवताना आपण एकदाही आवाज चढवला नाही, असे बाईंचे म्हणणे. लेकीचे म्हणणे निराळे होते आणि तिने ते त्या सकाळी सविस्तर ऐकवले. बाईंचे नवरोबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "सूड उगवतेय ती. तू गप्प बस आणि शीक." बाई गप्प बसल्या आणि शिकल्या. दुपारपर्यंत दहा प्रश्न आणि दहा उत्तरे त्यांनी स्वतः भरली. उत्तराच्या चौकटीखाली, केवळ शिक्षकांच्या पडद्यावर, 'फक्त संख्या' असे लिहिले होते, म्हणून त्यांनी फक्त संख्या भरल्या. मुलांसाठी सूचना लिहायची जागा मात्र कोरी सोडली. दहावीच्या पोरांना उत्तर कसे लिहावे हे का सांगायचे? अठ्ठावीस वर्षे तेच तर सांगितले होते.

मंगळवारी मुलांनी बाईंची आज्ञा तंतोतंत पाळली. पहिल्या बाकावरच्या मुलीला सारा वर्ग 'पट्टी' म्हणे. तिची प्रत्येक ओळ तशीच सरळ असे. ती टॅब घेऊन टेबलाजवळ आली.

"बाई, सात त्रिज्या, म्हणजे एकशे चोपन्न चौरस सेंटिमीटर. चुकलं का?"

"नाही."

"मग शून्य कसं?"

बाईंनी टॅब हातात घेतला. उत्तर बरोबर, पुढे लाल फुली. टॅबला नुसते १५४ हवे होते; पुढे 'चौरस सेंटिमीटर' दिसताच त्याने उत्तर चूक ठरवले होते. मागच्या बाकावरून 'घाईगर्दी' हे टोपणनाव सार्थ करणारा मुलगा उठला. "बाई, तुम्ही नेहमी माझे अर्धे मार्क कापता. आज पैकीच्या पैकी." त्याने आयुष्यात कधी एकक लिहिले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

सूचना कोरी सोडली ही चूक आपलीच, हे बाईंना कळले आणि त्यांनी ती लपवलीही नाही. पण चूक त्यांची आणि शून्य मुलांना, हे गणित त्यांना मान्य नव्हते. गुण बदलायला गेल्या तर पडद्यावर उत्तर आले : चाचणी बंद झाली आहे, मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. चव्वेचाळीस मुलांची उत्तरे त्यांनी कागदावर उतरवून पुन्हा तपासली. सरासरी आठ भरली. तो कागद घेऊन त्या मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या.

"अहवालात सरासरी दोन आहे, बाई."

"सर, उत्तरं बघा. एकशे चोपन्न चौरस सेंटिमीटर चूक कसं असेल?"

"मी उत्तरं बघत नाही, अहवाल बघतो."

"मग तुमच्या खात्यातून चाचणी तेवढी उघडून द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

मुख्याध्यापक चष्मा पुसू लागले. खाते त्यांनी कधीच उघडले नव्हते. त्याचा पासवर्ड लेखनिकाकडे होता आणि लेखनिक पंधरा दिवसांच्या रजेवर. परिपत्रकावर सही करण्यापुरतेच गृहस्थ डिजिटल झाले होते. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणावे, तर यांना उंटही ठाऊक नव्हता.

"अहवाल गुरुवारी चारला आपोआप वर जातो," ते म्हणाले. "माझ्या हातात काही नाही."

गुरुवारी चारला तो गेला. सोमवारी दहावी 'ब' दुसऱ्या सरांकडे आणि बाईंकडे सहावी. बाईंचा कागद मुख्याध्यापकांच्या खणात राहिला.

ऑगस्टमध्ये पट्टी त्यांना जिन्यात भेटली. "बाई, परवाच्या चाचणीत दहा मिळाले." मग खाली बघत म्हणाली, "आता मी एकक लिहीत नाही."

"का गं?"

"लिहिलं की शून्य येतं."

दहावीची बोर्डाची परीक्षा कागदावर होते आणि तिथे एकक नसले की गुण कापला जातो. बाईंनी ते तिला सांगितले. ती "हो बाई" म्हणाली आणि पुढच्या तासाला पळाली. बाई सहावीच्या वर्गाकडे वळल्या. हातात सहावीच्या वह्यांचा गठ्ठा होता.

वाचकहो, आपल्या घरी शाळेत जाणारे मूल असेल आणि त्याच्या नावापुढे शून्य दिसले, तर त्याला रागावण्याआधी शाळेत जा. गुण दाखवतील, ते घेऊ नका. त्याने लिहिलेले उत्तर मागा, आणि ते माणसाने वाचल्याखेरीज तिथून उठू नका.