बॉयलरवाल्या भाऊजींची गुंडाळलेली गाडी

वाघाला न भिणारी माणसं आमच्या नवेगाव बांधात बरीच आहेत, पण मोटारसायकलला माझ्या भाऊजींइतका भिणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि रोज तिच्यावरच बसून गोंदियाजवळच्या कुडव्याहून कामाला जाणाराही हाच माणूस! भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राइस मिलमध्ये धान उकडायच्या बॉयलरवर होते. उष्णतेशी वीस वर्षं संसार केल्यामुळे तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास उरला नव्हता. चहा बशीत ओतून, तीन फुंकरी मारल्यावरच पीत. इस्त्री बंद केली की नाही ते पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत येत. कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचा, मग सुलटा. ताईला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशीसुद्धा त्यांनी तशीच तपासली होती. आमची आई अजून सांगते.

पण खरी धास्ती घेतली ती मुलगी चार वर्षांची झाल्यावर. पोर पुढे टाकीवर बसायची आणि तिचे उघडे पाय नेमके इंजिनाजवळ, फ्रेमच्या नळीला टेकायचे. एकदा पोटरीला रुपयाएवढा फोड आला. झालं! भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बॉयलरच्या नळ्यांना गुंडाळतात ती जाड पांढरी दोरी मिलमधून मागून आणली आणि अख्खी फ्रेम गुंडाळली. दोरी पोरीला टोचते म्हणून वरून ताईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. तरी मन भरेना, म्हणून इंजिनाच्या अंगावरची वारा खाणारी पातीही झाकून टाकली. नाक्यावरचा पानवाला विचारायचा, "भैया, एक्सीडेंट हुआ क्या?" भाऊजी म्हणायचे, "होऊ नाई म्हून त बांधलो ना!"

त्या मे महिन्यात आम्ही तिघं गाडीवर नवेगावला निघालो. ताई एसटीनं पुढे गेली होती, शहाणी. दर चार किलोमीटरला भाऊजी मान खाली घालून विचारत, "बाई, पाय भाजते काय वं?" पोर म्हणे, "नाई जी बाबा." कोहमारा मागे पडलं, जंगल लागलं, आणि टाकीखालून धूर यायला लागला. आधी वाटलं, कुणी पाला पेटवला असेल. मग जळक्या कापडाचा वास आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. भाऊजींनी करकचून ब्रेक मारला, पोरीला काखेत मारलं आणि धूम ठोकली. मी मागच्या सीटवर तसाच! गाडी कलायला लागली, खाली चिंधी पेटलेली, वर पेट्रोलची टाकी. मी बोंबललो, "भाऊजी, मी?"

शंभर पावलांवरून उत्तर आलं, "तू त मोठा आहेस ना बाबू!"

मेलो आता, असं म्हणतच मी पाय टेकले, चावी फिरवली आणि प्यायच्या पाण्याची अख्खी कॅन ओतली. आग विझली. भाऊजी अर्ध्या तासानं झाडाआडून आले. मी चिडून विचारलं, "बॉयलरले कायले गुंडाळता जी तुमी?"

"गरमी बाहेर जाऊ नाई म्हून..." म्हणाले आणि थबकले. तोंड एवढंसं झालं. "मी त पोरीच्या पायाखाली बॉयलरच बांधलो, बाबू." आणि हा माणूस रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागला. पोरीनं त्यांच्या गालाला आधी उलटा हात लावला, मग सुलटा.

इंजिन त्यांनी तिथंच मोकळं केलं. फ्रेमवर मात्र पोरीचे पाय टेकायचे तेवढी वीतभर दोरी दोन्ही बाजूंना ठेवली.

ती पोर आता नागपूरला नर्सिंग शिकते. परवा भाऊजी मला गोंदियाच्या स्टँडवर घ्यायला आले. गाडी तीच, पण फ्रेमवरची दोरी नवी, कोरी. रेल्वे फाटक ओलांडल्यावर त्यांनी सवयीनं मान खाली घातली आणि टाकीवरच्या रिकाम्या जागेला विचारलं, "बाई, पाय भाजते काय वं?"

मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण गाडी एकदम हळू झाली. मला राहवलं नाही. मागून म्हणालो, "नाई जी, भाऊजी."