त्या गेटातनं रिकामी निघालेली गाडी

“शर्ट काढ आणि पूस.”

भर दुपार. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं आवार. माझा ट्रक मागचा फाळका पाडून उभा. आदल्या खेपेला सांगोल्याची डाळिंबं भरलेली, त्यातली चार फुटली, हौद्यात डाग पडला. म्या फडकं घेऊन पुसतच हुतो. तेवढ्यात मालकाचा पोरगा आला. वयानं माझ्यापेक्षा लई ल्हान. हौद्यात डोकावला.

“ए ड्रायव्हर, तुझा मालक कुठाय?”

“गाडी माझीच हाय, साहेब. चालवतो बी मीच.”

वरनं खालपतोर बघितलं मला. “आडनाव काय?”

सांगितलं.

त्याचा आवाजच फिरला. हसला. “मग पुसायची सवय असेलच की घराण्यात. ते फडकं ठेव. शर्ट काढ आणि पूस.”

हमाल थांबले. शिलाईखात्यातल्या बाया खिडकीशी आल्या. त्यात माझी मेव्हणी. ट्रकच्या केबिनमधी माझी बायको मल्लव्वा. माल कर्नाटकात जायचा हुता, वाटंत मैंदर्गीला तिला माहेरी सोडायचं हुतं.

काढला म्या शर्ट. हितं एका गेटावर गाडी बंद झाली की साऱ्या गेटांवर बंद. भाडी देणारा दलाल एकच, त्याचा एक फोन पुरतो. गुडघं टेकलं. पत्रा तव्यावानी तापलेला. पुसलं. त्यो मोबाईलवर शूटिंग घेत हुता.

“बनियन पण काढ रे. कोपरा राहिला.”

केबिनचं दार धाडकन वाजलं. मल्लव्वा खाली उतरली. रागात तिच्या तोंडात कानडीच येती.

“साकु! बस झालं.” त्याच्याकडं बघितलं बी न्हाय तिनं. माझ्याशीच बोलली. “उठा. गुडघं टेकायला घेतली व्हय आपण गाडी?”

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. राग हुता. त्यातला निम्मा माझ्यावर.

उठलो. फाळका वर घेतला, कड्या लावल्या.

“अरे, माल कोण भरणार?”

“तुमचं तुमी बघा.”

“सोलापुरात परत भाडं मिळणार नाही तुला!”

बनियनवरच गाडी गेटाबाहेर काढली. रिकामी.

शब्दाचा पक्का निघाला त्यो. दलालाचा फोन बंद. म्या शेणखत वाहिलं, विटा वाहिल्या. घरात मल्लव्वा विड्या वळायला लागली. पण म्या गप बसलो न्हाय. ट्रक स्टँडवर गेलो. एकेका गाडीचे मालक, माझ्यासारखेच. सगळं सांगितलं त्यास्नी. शर्ट काढला, गुडघं टेकलं, काय लपवलं न्हाय. मग एकेकाचं तोंड उघडलं. कुणाला त्याच आवारात संडासाच्या दारातनं हाकललेलं. शेखचाचांना तर हमाल कमी हाईत म्हणून अंगात ताप असताना गठ्ठे उचलायला लावलेलं. जो त्यो एकटाच गिळत बसला हुता.

ठरलं. त्या गेटात आपली गाडी जाणार न्हाय.

दिवाळीचा माल आवारात साचला. दलालानं बार्शीच्या गाड्या बोलावल्या. आमी दगड उचलला न्हाय. ड्रायव्हरांना बसवलं, चहा पाजला, झालं ते सांगितलं. गाड्या माघारी गेल्या.

शेवटी मालकाचा पोरगाच आला स्टँडवर. कारची काच खाली करून म्हणला, “झालं गेलं विसर. गाडी लाव.”

शेखचाचा म्हणले, “उतरको बात करो, सेठ.”

उतरला. उन्हात उभा राहिला. कपाळावरनं घाम गळत हुता. लई गोड वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

“सॉरी,” म्हणला. दुसरीकडंच बघून.

“सगळ्यांदेखत केलंत, सगळ्यांदेखत बोला. आवारात. हमालांपुढं, बायांपुढं.”

दार आपटून गेला.

आता लोक समजावत्यात. ताणू नको. कारखाना बसला तर तुझ्या मेव्हणीचं काय? म्या तिलाच इचारलं. ती म्हणली, “दाजी, मला रोज ‘ए’ म्हणूनच हाक मारतोय त्यो. मागं सरू नका.”

मला कारखाना बुडवायचा न्हाय. त्यात आमच्याच बायांचा घास हाय. मला त्यो माणूस वाकलेला बघायचाय. ज्यांना थोर मनाचं व्हायचंय त्यांनी व्हावं, त्यांना कुणी आडनाव इचारलेलं नसतंय. म्या माफ करणार न्हाय. उद्या बी स्टँडवर गाडी लावीन, शेण भरीन, माती भरीन. त्याचा एक गठ्ठा भरणार न्हाय. आन् दुसऱ्या कुणाला बी भरू देणार न्हाय.