कापसाच्या खोलीतला राजा

जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधण्यात माझी बावीस वर्षं गेली. बैल लाथ मारतो, मालक बैलापेक्षा जास्त ओरडतो; असं काही घडलं की घरी येऊन वहीत लिहून ठेवायची मला सवय आहे. आता वह्यांनी कपाट भरलं. लोकांना वाटतं, त्यात सगळी बैलांचीच पानं असतील. पण सगळ्यात जास्त पानं एका पोपटाची आहेत.

कापसाला भाव नव्हता, तेव्हाची गोष्ट. राळेगावकडच्या गावांत कापूस घराघरांत भरून ठेवला होता, भाव येईल या आशेवर.

*

फेब्रुवारीत त्यातल्याच एका गावचे शेतकरी भाऊराव सायकलच्या कॅरियरला टोपली बांधून आले. टोपलीत पोपट, नाव राजा. हातात घेतला की पंख पसरून थरथरतो, सून जवळ आली की तिला चावतो, अशी तक्रार. भाऊरावांना वाटत होतं, लकवा मारला.

आमच्या रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने. पोपटाला रकानाच नाही. मी कोंबडीत लिहिलं.

डॉक्टरांनी राजाला नीट तपासलं आणि म्हणाले, "आजार नाही. त्याचा विणीचा हंगाम आहे. तो तुम्हाला जोडीदार समजतो."

भाऊरावांनी पोपट टोपलीत ठेवून झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "मले? या वयात?"

*

डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. पाठीवरून हात फिरवायचा नाही, फक्त डोक्यावरून. गरम भिजवलेली पोळी बंद. दिवस मावळला की पिंजरा झाकायचा, अंधारात भरपूर झोप मिळाली की अंगातली उष्णता उतरते.

आठवड्यानं सून सुनीताच आली. बोटाला चिंधी बांधलेली. राजाचं काही बदललं नव्हतं.

"पिंजरा झाकत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मामाजी झाकतात ना. अन् मंग बाजूले बसून फडक्यातूनच बोलतात त्याच्याशी."

सासू जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून सासरे घरात दुसऱ्या कोणाशी धड बोलत नाहीत, हे तिनं जाता जाता सांगितलं. त्यावर डॉक्टरांनी काही औषध लिहिलं नाही.

*

मार्चमध्ये भाऊरावांनी आगपेटी उघडून टेबलावर ठेवली. आत कापूस, कापसात पांढरं अंडं. तीन वर्षं घरचे लोक राजाच्या गळ्याला नराला येतो तो लाल कंठ फुटण्याची वाट पाहत होते!

डॉक्टर हसले नाहीत. अंडं कुठे दिलं, ते विचारलं. घरात दोन खोल्या. त्यातली एक आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. दिवसा राजा मोकळा असायचा, त्यानं, म्हणजे तिनं, त्या ढिगात बीळ केलं होतं.

"कापूस हलवा," डॉक्टर म्हणाले. "तो घरात आहे तोवर ती अंडी देत राहील. एखादं अडकलं तर मरेल."

"भाव आला का हालवतो," भाऊराव म्हणाले.

*

एप्रिलच्या सुरुवातीला जनावरांच्या लसीकरणाला डॉक्टर आणि मी भाऊरावांच्या गावी गेलो होतो. कापसातल्या किड्यांमुळे नातवंडांच्या अंगावर खाजवून खाजवून फोड आलेले. सगळं घर अंगणात झोपत होतं. राजानं पाच अंडी दिली होती, छातीचं हाड हाताला लागत होतं. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं आणि निदान खोलीचं दार तरी बंद ठेवा म्हणून बजावलं.

"ठेवलतं दोन दिवस," भाऊराव म्हणाले. "दारापुढं बसून ओरडून राह्यली होती. मीच उघडलं."

*

पुढच्याच आठवड्यात भाऊराव सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसले होते. राजा धोतराच्या फडक्यात. अंडं अडकलं होतं. डॉक्टरांनी कोमट पाण्याचा शेक दिला, तेल लावलं. मी तिला धरून होतो. नऊच्या सुमारास हातातली धडधड थांबली.

भाऊरावांनी फडकं उचललं, सायकलला लावलं आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापूस विकत घेणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापाशी बैलगाड्यांची रांग होती. तिसऱ्या आणि चौथ्या गाडीवर भाऊरावांचा कापूस. भाव जानेवारीत होता तोच. मी सायकल थांबवून म्हणालो, "भाऊराव, इतके महिने थांबले, अजून थोडं थांबले असते."

त्यांनी बैलाच्या पाठीवरचा कापूस झटकला.

"डॉक्टरसायबाले सांगजा," ते म्हणाले, "खोली रिकामी केली."