गुहेत दिवसातून तीनदाच?

आमचा गेम खेळणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून लिहितोय.

गेमवाल्यांनी सगळ्यांचं मत मागवलंय: एकाच गुहेत दिवसातून तीनदाच जाऊ द्यायचं का? सध्या कितीही वेळा जाता येतं. ज्यांना वेळ आहे ते राक्षस मारमारून चांगली शस्त्रं जमवतात आणि आम्ही शिफ्टवाले मागे राहतो. मी रोह्याला कंपनीत आहे. आज फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि बूट काढायच्या आधी ‘मर्यादा हवी’ दाबून मोकळा झालो.

मग गेमचा ग्रुप उघडला. तिथे भांडण पेटलेलं. मर्यादेला सगळ्यात जास्त विरोध जोहे गावच्या प्रमिलाताईंचा. त्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. मी लिहिलं, "ताई, ठरलेल्या मूर्ती झाल्या की तुम्ही ब्रश खाली ठेवता. मग इथंच मर्यादा का नको?"

त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे पंखा घरघरत होता.

"तिथं हात जरा हलला तर मूर्तीची नजर बिघडते रे. म्हणून हात दमायच्या आधी थांबते. गुहेत मी रोज दहादा मरते नि परत उठते, कोणाचं काय बिघडत नाय. दिवसभरात मला चुकायला तेवढीच जागा हाय."

मी मेसेज परत ऐकला आणि मत बदलायला गेलो.

माझं मत देऊन झालंय आणि एकदा दिलेलं बदलता येत नाही. तुमच्यापैकी कोणाचं द्यायचं राहिलंय का?