कोपरामागचा चट्टा

भंडाऱ्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून मला तीन वर्षे झाली होती. विज्ञानाची पदवी, नूतनीकरणाचे शिक्के बसलेले कार्ड, आणि मुलाखतीचा एकही कॉल नाही. तिथल्या अधिकाऱ्यांनी एकदा आम्हा बेकार पदवीधरांना बाकांवर बसवून मार्गदर्शन केले. म्हणाले, "आरोग्य खात्यात या. रोग संपत नाहीत, म्हणून तिथल्या जागाही संपत नाहीत." आम्ही सगळे हसलो. त्याच आठवड्यात मी कुष्ठरोग तंत्रज्ञाच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला.

जिल्ह्यातून आम्ही दोघे निवडले गेलो. मी लाखनीचा, तो दिघोरीचा. चार भावांत कॉलेजात गेलेला तो एकटाच. केंद्र परजिल्ह्यात होते आणि आम्ही एका खोलीत राहत होतो. प्रत्येक लेखी चाचणीत तो माझ्या वर असे. ते मला टोचते, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केले नव्हते.

तपासणी आम्हाला एकमेकांच्या अंगावर शिकवीत. उघड्या अंगाने खिडकीच्या उजेडात उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. जोडीदाराने कोंबडीचे पीस अंगावर हलकेच टेकवायचे. जिथे टेकले, तिथे आपण बोट ठेवायचे. दुसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी मी त्याच्या उजव्या कोपराच्या मागे पीस टेकवले. तो तसाच उभा राहिला.

"अबे, सुरू कर ना. झोपला का?" तो डोळे मिटूनच म्हणाला.

मी पुन्हा टेकवले. नंतर दाबले. त्याचे बोट हलले नाही. त्याला स्वतःला कधी दिसणार नाही अशा जागी एक फिकट चट्टा होता. चाचपून पाहिले, तर कोपरापाशी नस दोरीसारखी जाड लागली. याचा अर्थ आम्हाला आदल्याच दिवशी शिकवला होता.

"झालं," मी म्हणालो, आणि वहीत लिहिले: निरोगी.

हे कळले तर त्याची नोकरीची संधी जाईल म्हणून मी गप्प बसलो, अशी समजूत मी करून घेतली. खरे तर ते बोलणे अवघड होते, आणि अवघड बोलणे मी आयुष्यभर टाळत आलो आहे. जोड्या बदलत नसत. त्याचा तो हात माझ्याखेरीज कोणी तपासत नव्हते, आणि दर आठवड्याला मी तोच शब्द लिहीत राहिलो.

चौथ्या महिन्यात केंद्रातल्या बाबूने सांगितले, की भंडारा जिल्ह्याला यंदा एकच जागा मिळणार, तीही गुणांप्रमाणे.

"मंग तुझी झाली," मी त्याला म्हणालो.

"गप बे. कायले तोंड पाडतं? तुले बी लागते, आज ना उद्या." असे म्हणून त्याने घरून आलेला चिवडा माझ्यापुढे सरकवला. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. "सर, त्याच्या हातावर मला काल एक चट्टा दिसला." काल, असेच मी म्हणालो.

डॉक्टरांनी त्याला माझ्यासमोरच तपासले. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये कागद धरायला लावला आणि ओढला. कागद सहज निसटला. "दोन महिने आधी कळलं असतं, तर करंगळी वाचली असती," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या दक्षतेचे कौतुक केले.

प्रशिक्षणातून त्याचे नाव कमी झाले. गावी परतताना त्याच्या पिशवीत पांढऱ्या गोळ्यांची पुडी होती. त्याची पेटी मी एसटीच्या टपावर चढवून दिली. "तुले दिसलं म्हणून तं समजलं," तो खिडकीतून म्हणाला. "नाही तं अख्खा हात गेला असता माझा." जागा मला मिळाली.

सहासात वर्षांनी तो भंडाऱ्याला माझ्या कार्यालयात आला. रोगमुक्त झाल्याचा दाखला त्याच्या हातात होता. नव्या जागा निघाल्या होत्या आणि त्याची वयोमर्यादा त्याच वर्षी संपत होती. आमचे साहेब भले होते. ते म्हणाले, "बरा झालाय, घ्यायला हरकत नाही. फक्त हाताला व्यंग नको. तुम्हीच तपासून लिहा."

मी त्याला बोटे पसरायला सांगितली. करंगळी वाकडीच राहिली.

"मोठा साहेब झाला बे!" तो हसला. "लिही, जे असन ते."

मी व्यंग आहे असे लिहिले. त्याच्या हाताबद्दल मी प्रथमच खरे लिहीत होतो, आणि त्यामुळे त्याची उरलेली संधीही संपली.

नंतर आम्ही स्टँडवर चहाला बसलो. तो म्हणाला, "एक सांग. दर आठवड्याले तूच तं पाहत होता माझा हात. त्याच्या आधी काहीच नाही दिसलं तुले?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि कप डाव्या हातात घेतला. दिघोरीकडची एसटी यायला अर्धा तास होता. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. त्या अर्ध्या तासात मी त्याला धानाचे रोवणे कुठवर आले ते विचारले, आणि त्याने शेतातल्या बांधीबांधीचे सविस्तर सांगितले.