नव्या भिंतीचं म्हातारपण

माझ्या भाचीला घरात सगळे 'थुंकी' म्हणतात. नाव घाण आहे, पण ते तिनं स्वतःच्या कर्तृत्वानं मिळवलंय. जुन्या इमारती जतन करण्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला ती आमच्याकडे राहायला आली आणि आल्या आल्या कापसाचा बोळा तोंडात ओला करून बैठकीतल्या तसबिरीवर फिरवू लागली. तिची मामी किंचाळलीच.

"अगं, काय हा गलिच्छपणा!"

"मामी, रंगाला धक्का न लावता मळ काढायला थुंकीच लागते. आम्हाला शिकवतातच तसं."

तसबीर लख्ख झाली. मामी मात्र त्या दिवशी धड जेवली नाही.

पोरगी अभ्यास जीव ओतून करायची. एका जुन्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात भिंतीवर रंगवलेली वेल होती, तिच्यावर हिचा प्रबंध. शिडीवर चढून पानन् पान तपासायची, घरी यायची ती केसांत चुना घेऊन. त्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम हिच्याच सरांकडे होतं. सर म्हणजे बडं प्रस्थ. भिंतीला हात लावण्याआधी तिची परवानगी घ्या, असं वर्गात सांगायचे म्हणे.

आणि त्यांच्याच कंत्राटदाराच्या माणसांनी विजेच्या जुन्या तारा उपटताना अख्खी वेल गिलाव्यासकट खाली पाडली. चूक होते, मान्य. पण या सरांनी काय करावं? तिथं सिमेंट थापलं, पाट्या रंगवणाऱ्याकडून नवी वेल काढून घेतली आणि वरून चहाचं पाणी आणि काजळी चोपडून तिला म्हातारी केली.

"प्रबंधात मूळ चित्र म्हणूनच लिहायचं," सर हिला म्हणाले. "पदवी हवीय ना?"

"लिहून टाक गं," मामी म्हणाली. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

तोंडी परीक्षा त्या प्रतीक्षागृहातच होती. तिचं सामान घेऊन मी गेलो होतो, दाराशी बाकावर बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे चित्र साफ कसं कराल?"

तिनं बोळा तोंडात ओला केला आणि एका पानावर हलकेच फिरवला. बोळा तपकिरी झाला. खालून निघाला हिरवागार, चकचकीत ऑइलपेंट.

"हे मूळ नाही, सर. मूळ चित्र पाडलं गेलंय."

मला वाटलं, पोरीनं मैदान मारलं! परीक्षकांनी बोळ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. परीक्षक आणि सर खिडकीशी जाऊन काहीतरी कुजबुजले आणि चक्क हसले. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.

निकाल लागला. नापास. कारण काय, तर ऐतिहासिक चित्राला इजा केली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. लाज कोळून प्यायलेली माणसं, आणि यांच्या हाती जुन्याची राखण. मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. मामीनंही मला आवरलं नाही.

भाची भिंतीला टेकून बसली होती. "जाऊ दे मामा, परीक्षा परत देता येईल," ती म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. "पण ती वेल खरी कशी होती, ते आता फक्त मला माहीत आहे. आणि खोटी मलाच ठरवलंय."