राखेत निजवलेले खिळे

तेगलच्या आमच्या किनाऱ्यावर जुनी बोट मोडली की लाकूड सुतार नेतात आणि वाकडे खिळे यू दार्सिती. यू म्हणजे ताई; पण तिच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेही तिला यूच म्हणतात. वीतभर लांबीचे ते खिळे ती ठोकून सरळ करते, भाताच्या तुसाच्या निखाऱ्यात लाल करते आणि गरम राखेत गाडून ठेवते. सकाळपर्यंत कुणालाही हात लावू देत नाही.

"बाळंतिणी आहेत का ते?" मी एकदा विचारलं.

"तुझ्यापेक्षा शहाणे आहेत. मार खाल्ला की लोखंडाच्या अंगात ताण राहतो, आणि ताण असेल तिथं गंज आधी धरतो. राखेत निजलं की ताण उतरतो."

मी चौथीत शाळा सोडली, पण अर्ज-मोर्चात मला हरवणारा अजून जन्मायचाय. गावाच्या नव्या धक्क्याला यूचेच खिळे लागावेत, असा अर्ज मीच केला. नाहीतर तिची तीन महिन्यांची मेहनत भंगारात जाणार होती.

बैठकीत तार्मो सुतार हसला. "जुना खिळा तो जुनाच. भाजला काय नि नुसता ठोकला काय."

गावप्रमुख पाक कास्मुरींनी तोडगा काढला. दोघांचा एकेक खिळा, तार्मोचा नुसता ठोकलेला आणि यूचा राखेत निजवलेला, समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवायचा, चार दिवसांनी बघायचं.

बरणी ठेवायला मी निघाले, तर यूचा खिळा मध्ये जरासा वाकडा दिसला. गावासमोर असा खिळा? पायरीवर ठेवून दगडानं दोन घाव घातले आणि गप्प बसले.

चौथ्या दिवशी सोयाबीनचं तळलेलं टेंपे खात सगळा गाव जमला. तार्मोच्या खिळ्याला ठोकून सरळ केलेल्या जागी तांबडं कडं आलेलं. यूचा खिळा स्वच्छ, फक्त मध्ये गंजाचे दोन ठिपके.

"यू, तुझ्या लेकराच्याही पोटात दुखतंय," तार्मो म्हणाला.

यूनं खिळा उन्हात फिरवून पाहिला. "राखेतून निघाल्यावर याला कुणीतरी मारलंय. एकाच बाजूनं, दोनदा." आणि तिनं थेट माझ्याकडं पाहिलं.

साहेबांसमोर कधी न झुकलेली माझी मान खाली गेली. "वाकडा दिसत होता गं."

पाक कास्मुरींच्या नाकातून चहा आला. "खिळ्यानं चोर पकडला की!"

हसू ओसरलं तरी तार्मो ते दोन ठिपके बोटानं चाचपत होता. मग त्यानं स्वतःचा खिळा यूच्या हातात ठेवला. "हाही निजव. धक्क्याला तुझेच घेऊ."

यूनं दोन अटी घातल्या. लाकडाला आधी भोक पाडायचं, म्हणजे खिळा ठोकताना वाकत नाही. आणि दुसरी अट माझ्याबद्दल.

म्हणून धक्क्याच्या कामावर मी चहा वाटला. हातोडीपासून दहा पावलं लांब, आणि अगदी खुशीत.